बी मरते की थांबते?

बी उगवायला काय लागते, असे वर्गात विचारले की मुले चटकन सांगतात, "पाणी, हवा आणि ऊब." उत्तर बरोबरच आहे. पण एखादी मुलगी पुढे विचारते, "मग समुद्राच्या पाण्यात बी उगवेल का? तिथे तर पाणीच पाणी आहे!" अशा वेळी आपण बहुधा सांगून टाकतो, "नाही, मिठाने बी मरते."

हे उत्तर सोपे आहे. पण ते खरे आहे का, हे ठरवायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. कारण हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. बी खाऱ्या पाण्यात जिवंत राहते का, हा पहिला. बी खाऱ्या पाण्यात उगवते का, हा दुसरा. आणि उगवलेले रोप खाऱ्या जमिनीत वाढते का, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे एकच असतील असे आपण गृहीत धरतो. ती तशी नाहीत हे हळूहळू कसे लक्षात आले, त्याची हकिगत आम्ही या लेखात सांगणार आहोत. कोकणातल्या खारजमिनी आणि कालव्याच्या पाण्याने खारावलेले पश्चिम महाराष्ट्रातले मळे आपल्या शाळांपासून फार दूर नाहीत. तिथल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकापुरता नाही.

डार्विनच्या बाटल्या

सन १८५५ च्या वसंत ऋतूत इंग्लंडमधल्या डाउन या खेड्यात चार्ल्स डार्विन लहान लहान बाटल्यांत खारे पाणी भरून त्यांत बिया टाकत होता. 'जातींचा उगम' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला अजून चार वर्षे अवकाश होता. त्याला पडलेला मूळ प्रश्न बेटांविषयीचा होता. भर समुद्रातल्या बेटांवर मुख्य भूमीवरच्यासारख्या वनस्पती आढळतात. त्या तिथे पोचल्या कशा?

एडवर्ड फोर्ब्ज या निसर्गशास्त्रज्ञाने १८४६ साली याचे एक उत्तर दिले होते. एके काळी युरोपपासून थेट अझोर्स बेटांपर्यंत सलग जमीन होती आणि ती पुढे समुद्रात बुडाली, असे त्याचे म्हणणे. म्हणजे झाडे जमिनीवरूनच पसरत गेली. डार्विनला हे पटत नव्हते. प्रत्येक बेटाचे कोडे सोडवण्यासाठी एकेक भूभाग बुडवायचा, ही त्याला फारच सोयीची युक्ती वाटे. पण बिया समुद्रातून वाहत गेल्या असे म्हणायचे, तर खाऱ्या पाण्यात त्या किती दिवस टिकतात हे आधी माहीत हवे. आणि ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते.

क्यू येथील उद्यानाशी संबंधित असलेला जोसेफ हूकर हा डार्विनचा जवळचा मित्र आणि त्या काळचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. बिया लवकरच मरतील असा त्याचा अंदाज होता. डार्विनच्या मुलांना तर या प्रयोगात शर्यतीची गंमत वाटू लागली. बाबा हूकरसाहेबांना हरवणार का, असे ती वारंवार विचारत.

प्रयोगाची साधने अगदी साधी होती. समुद्राच्या पाण्यात जे क्षार असतात तसे मिश्रण डार्विनने विकत आणले आणि त्यापासून कृत्रिम समुद्रपाणी तयार केले. ते खरोखर समुद्राच्या पाण्यासारखे आहे ना, याबद्दलही त्याच्याकडे पुरावा होता. तशाच पाण्यात समुद्रातले प्राणी आणि शैवाले वर्षाहून अधिक काळ जगली होती! काही बाटल्या त्याने बाहेर सावलीत ठेवल्या, तर काही बर्फ भरलेल्या टाकीत. ठराविक दिवसांनी थोड्या थोड्या बिया काढायच्या, पेरायच्या आणि उगवतात का ते पाहायचे.

सुरुवातीच्या बियांत हळीव, मुळा, कोबी, गाजर, कांदा अशा परसबागेतल्या ओळखीच्या बिया होत्या. आठवडाभर खाऱ्या पाण्यात राहूनही त्या उगवल्या. हळीव तर २१ दिवसांनंतरही छान उगवला. पुढे डार्विनने एकंदर ८७ प्रकारच्या बिया तपासल्या. त्यांपैकी ६४ प्रकार २८ दिवस बुडून राहिल्यावरही उगवले आणि थोडे प्रकार तर १३७ दिवसांनंतरही. सर्वांत चिवट ठरली ती मिरची. साडेचार महिने खाऱ्या पाण्यात राहिलेल्या तिच्या ५६ बियांपैकी ३० उगवल्या. उलट, शेंगा येणाऱ्या कुळातल्या ९ वनस्पतींपैकी एक सोडून बाकीच्यांना खारे पाणी मानवले नाही.

मग एक नवीच अडचण समोर आली. बिया जिवंत राहत होत्या, पण बुडत होत्या! बुडालेले बी बेटावर पोचणार कसे? आपण उगाच या कृतघ्न बियांना मीठ लावत बसलो, अशा अर्थाची चिडचिड डार्विनने हूकरला लिहिलेल्या पत्रात केली आहे. पण तो थांबला नाही. पुरात किंवा वादळात सुटी बी क्वचितच वाहून जाते. फळांसकट फांदीच वाहून जाते, हे त्याने लक्षात घेतले. पिकलेली फळे लागलेल्या ९४ वनस्पती वाळवून त्याने पाण्यावर सोडल्या. त्यांपैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून अधिक काळ तरंगल्या. ओल्या हेझलनट लगेच बुडाल्या. वाळवलेल्या मात्र ९० दिवस तरंगल्या आणि नंतर पेरल्यावर उगवल्याही.

आता पुढचे गणित आठवीच्या मुलांनाही करता येईल. ८७ पैकी ६४ प्रकार २८ दिवस जिवंत राहतात. ९४ पैकी १८ प्रकार तेवढा काळ तरंगतात. हे दोन अपूर्णांक गुणले की सुमारे ०.१४ येते. म्हणजे शंभरातल्या १४ जातींच्या बिया २८ दिवस तरंगून पुन्हा उगवू शकतील. त्या काळच्या एका नकाशासंग्रहात अटलांटिकमधील प्रवाहांचा सरासरी वेग दिवसाला ३३ मैल दिलेला होता. २८ दिवसांत होतात ९२४ मैल, म्हणजे सुमारे दीड हजार किलोमीटर. एवढे अंतर पार करण्यासाठी जमीन बुडवण्याची गरज नव्हती. या हिशेबात किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे मुलांना शोधायला सांगावे. खवळलेल्या समुद्रात झाडे इतकी तरंगणार नाहीत, ही शंका खुद्द डार्विननेही नोंदवून ठेवली आहे.

प्रयोगाने काय विचारले नव्हते?

आता एका बारकाव्याकडे लक्ष देऊ. डार्विनने बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या, पण उगवण तपासली ती खाऱ्या पाण्यातून बाहेर काढून. म्हणजे त्याने आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिलाच प्रश्न विचारला. त्याला तेवढेच हवे होते, म्हणून प्रयोगात दोष काही नाही. पण त्याचा निकाल वाचून "मिरची मीठ सहन करते" असे कोणी म्हटले तर ते चुकीचे ठरेल. मिरचीचे बी खाऱ्या पाण्यातून जिवंत बाहेर येते, एवढेच त्याने दाखवले. मिरचीचे रोप खाऱ्या जमिनीत चांगले वाढत नाही, हे शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत आहे.

मात्र या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. खाऱ्या पाण्यात न उगवलेले बी मेलेले असेलच असे नाही. ते थांबलेले असू शकते. पण ते थांबते कशामुळे?

ओल्या जमिनीतला दुष्काळ

याचे उत्तर मिळण्यासाठी आधी परासरणाचे, म्हणजे ऑस्मॉसिसचे, शास्त्र उभे राहावे लागले. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ साली द्रावणांचा परासरण दाब मोजून दाखवला. डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीसने १८८४ मध्ये वेगवेगळ्या क्षारांची द्रावणे वनस्पतींच्या पेशींतून पाणी कसे ओढून घेतात, याची तुलना केली. लोणच्यात मिठाने कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तीच ही क्रिया.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरणे भरतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाची ही जवळजवळ दहापट. अशा द्रावणातून पाणी ओढून घ्यायचे तर पेशीच्या आतला ओढा त्याहून जास्त हवा.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर याने जावा आणि आसपासच्या प्रदेशातल्या किनारी वनस्पतींचा अभ्यास करून १८९१ साली ग्रंथ लिहिला. चिखलात उभी असलेली ही झाडे, पण त्यांची पाने वाळवंटातल्या झाडांसारखी जाड आणि रसाळ! १८९८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने याचा उलगडा मांडला. जमीन ओली असली तरी तिच्यातले पाणी मिठाने धरून ठेवलेले असते. म्हणून झाडाच्या दृष्टीने ती कोरडीच असते. या कल्पनेतल्या काही गोष्टी नंतर दुरुस्त कराव्या लागल्या. खाऱ्या जागेतली झाडे शिंपरला वाटले होते तितकी तहानलेली नसतात. ती क्षार पेशींत साठवून आपला ओढा वाढवतात. पण बियांच्या बाबतीत ही कल्पना फार उपयोगी पडली.

कोरडे बी पाण्याला अतिशय आसुसलेले असते. त्यामुळे मिठाच्या पाण्यातही ते काही प्रमाणात फुगते. मेलेले बीसुद्धा फुगते! म्हणून फुगणे म्हणजे उगवणे नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. उगवण म्हणजे मोड बाहेर पडणे. त्यासाठी गर्भाच्या पेशींना पाणी घेऊन लांब व्हावे लागते आणि मीठ जास्त असेल तर नेमके हेच काम अडते. बी अर्धवट फुगून तसेच पडून राहते.

तहान की विष?

पण मीठ फक्त पाणी अडवते की बीला विषासारखे बाधतेही? या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या?

यासाठी काढलेली युक्ती मोठी सुरेख आहे. परासरण दाब हा द्रावणात कण किती आहेत यावर अवलंबून असतो; कण कशाचे आहेत यावर नव्हे. तेव्हा एका बशीत मिठाचे द्रावण घ्यायचे आणि दुसरीत तेवढ्याच दाबाचे, पण बीला न बाधणाऱ्या पदार्थाचे द्रावण घ्यायचे. दोन्हींत उगवण सारखीच घटली तर तो केवळ तहानेचा परिणाम. मिठात जास्त घटली तर वरचा फरक विषाचा. अमेरिकेत रॅचेल उव्हिट्स यांनी १९४६ साली लसूणघासाच्या बियांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मिठाबरोबर मॅनिटॉल ही शर्करेसारखी वस्तू वापरली. सारख्याच दाबाला मिठातली उगवण मॅनिटॉलमधल्या उगवणीपेक्षा कमी भरली. म्हणजे लसूणघासाच्या बीला मीठ तहानेनेही छळते आणि विषानेही.

यानंतर आणखी एक कसोटी रूढ झाली. न उगवलेल्या बिया धुऊन साध्या पाण्यात ठेवायच्या. ज्या उगवतात त्या थांबलेल्या होत्या. ज्या उगवत नाहीत त्या बहुधा मेलेल्या. डार्विनने वेगळ्या कारणासाठी जे केले होते तेच आता निदानाचे साधन झाले.

खाऱ्या झाडांचे गोडे बी

ही कसोटी खऱ्या अर्थाने रंगली ती खाऱ्या जागीच वाढणाऱ्या वनस्पतींवर. त्यांना आपण लवणवनस्पती म्हणू. आपल्या खाडीकिनाऱ्यावरची मोरस, म्हणजे सुएडा, ही त्यांपैकीच एक. अशा झाडांच्या बिया खाऱ्या पाण्यातच उत्तम उगवत असतील, असे कोणालाही वाटेल. आम्ही शिक्षकांना हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेकांचे उत्तर हेच असते.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ अर्विन अंगर याने १९६२ साली रसाळ लवणवनस्पतींच्या बियांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. पुढे ओहायओ विद्यापीठात त्याने हा विषय कित्येक वर्षे चालवला आणि १९७८ मध्ये तोवरच्या सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यातून दिसले ते असे: बहुतेक लवणवनस्पतींच्या बिया सर्वांत चांगल्या उगवतात त्या गोड्या पाण्यात! मीठ वाढेल तशी त्यांचीही उगवण घटत जाते. मग साध्या झाडांच्या बियांपेक्षा त्यांचे वेगळेपण कशात? ते आहे थांबण्यात. तीव्र मिठात ठेवलेले त्यांचे बी अनेकदा मरत नाही. मीठ उतरले की ते उगवते. सगळ्याच जातींत हे सारखे नसते. मिठाबरोबर उष्णताही फार वाढली तर काहींच्या बिया मरतातही. पण एकंदरीत चित्र असे की रोपटे मिठात जगते, बी मात्र गोड्या पाण्याची वाट पाहते.

थोडा विचार केला तर यातली सोय कळते. उन्हाळ्यात खाजणाच्या वरच्या थरात मीठ साचते. तेव्हा बी उगवले तर कोवळे रोप दोन दिवसांत करपेल. पाऊस पडून मीठ धुपले की मग उगवायचे, म्हणजे पुन्हा मीठ चढेपर्यंत मुळे खोल जातात आणि रोप मीठ सांभाळण्याइतके मोठे होते. बीला पंचांग कळत नाही, पण पाण्यातले मीठ उतरल्याचे कळते.

सॅलिकॉर्निया युरोपिया या लवणवनस्पतीत तर एकाच झाडावर दोन तऱ्हेच्या बिया असतात. मधल्या फुलाचे बी मोठे आणि बाजूच्या फुलांचे लहान. मोठे बी जास्त मिठातही उगवू शकते. लहान बी अधिक काळ जमिनीत थांबून राहते. एखादा हंगाम फसला तरी सगळेच बी वाया जात नाही.

आणि ज्या झाडांना थांबण्याची सोयच नाही? आपल्या खाडीतल्या कांदळाच्या शेंगेसारख्या लोंबणाऱ्या हिरव्या कांड्या आपण पाहिल्या असतील. ती शेंग नव्हेच. ते झाडावरच उगवलेले रोप! बी फळातच रुजते, आईच्या आधाराने वाढते आणि मगच चिखलात पडते. तिवराचे बीही फळाच्या आतच रुजलेले असते. खाऱ्या पाण्यात उगवण्याचा धोक्याचा टप्पा ही झाडे जणू टाळतात. १९७० च्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी, लीला भोसले आदींनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या शरीरक्रियांचा अभ्यास केला. त्यात उगवणीचाही अभ्यास होता.

उगवण वेगळी, वाढ वेगळी

आता शेताकडे वळू. नीरा नदीवर कालवा झाला, बारमाही पाणी आले, ऊस आला आणि काही वर्षांतच निचरा नसलेल्या जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या कृषि महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. पाण्याबरोबर वर चढलेले क्षार, पाणी उडून गेल्यावर, मातीच्या वरच्या थरात राहतात. आणि बी पडते ते नेमके याच थरात. मोठ्या झाडाची मुळे खाली कमी खाऱ्या ओलीत असतात, तर दोन-तीन सेंटिमीटरवरच्या बीला सर्वांत जास्त मिठाशी गाठ पडते.

अमेरिकेत रिव्हरसाइड येथे १९३७ साली खारवट जमिनींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा निघाली. तिथल्या एअर्स आणि हेवर्ड यांनी १९४८ मध्ये मातीतल्या मिठाचा उगवणीवरचा परिणाम मोजण्याची पद्धत बसवली. अशा कामांतून आपले दुसरे आणि तिसरे प्रश्न एकदाचे सुटे झाले. साखरेचे बीट मोठे झाल्यावर मीठ उत्तम सहन करते. पण त्याचे बी उगवताना मिठाला फार नाजूक असते. भाताचे नेमके उलटे. १९६६ साली याच क्षेत्रातल्या संशोधकांनी दाखवले की भाताचे बी मिठात बऱ्यापैकी उगवते, पण उगवल्यानंतरचे कोवळे रोप मिठाने पटकन मरते. म्हणजे भाताची उगवण चांगली झाली म्हणून निर्धास्त राहणारा शेतकरी पंधरा दिवसांनी फसू शकतो. आणि बिटाची उगवण झाली नाही म्हणून जमीन सोडून देणारा हातचे पीक घालवू शकतो.

याचा एक साधा उपयोग सरी-वरंब्यात होतो. सरीतले पाणी वरंब्यात झिरपते आणि मीठ त्याच्या माथ्यावर नेऊन ठेवते. म्हणून खारवट जमिनीत बी माथ्यावर न लावता वरंब्याच्या बगलेत लावावे. मिठाचे प्रमाण तेच, पाणी तेच. पण बीची जागा बदलली की उगवण सुधारते.

अलीकडच्या संशोधनानेही हे वेगळेपण पक्के केले आहे. बंगालमधल्या 'नोना बोकरा' या मीठ सोसणाऱ्या भाताच्या वाणातले एक जनुक २००५ साली ओळखले गेले. मुळातून वर जाणाऱ्या रसातले सोडियम परत काढून घेऊन ते पानांपर्यंत जाऊ न देणे, हे त्याचे काम. रोपाला वाचवणारे असे जनुक मिळाले म्हणून बीच्या उगवणीचा प्रश्न सुटत नाही. तो वेगळाच पाहावा लागतो.

शेतकऱ्यांनी काढलेली वाट

ही सगळी हकिगत प्रयोगशाळांची झाली. पण पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी कित्येक पिढ्या खाऱ्या जमिनीत भात पिकवत आले आहेत. त्यांच्या पद्धती आपल्या तीन प्रश्नांच्या उजेडात पाहिल्या की त्यांतले शहाणपण उमगते.

केरळात पोक्काळी भाताच्या शेतात उन्हाळ्यात मातीचे उंचवटे करतात. जूनच्या पावसात या उंचवट्यांवरचे मीठ धुऊन जाते. मग त्यांवर मोड आलेले बी टाकतात. रोपे महिनाभराची झाली की उंचवटे मोडून ती शेतभर पसरतात. गोव्याच्या खाजणांत बांध घालून आणि मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे चालवून खारे पाणी अडवतात, पावसाने जमीन धुऊ देतात आणि मग कोरगुटासारखा भात पेरतात. रायगडच्या खारपाट्यातही बांध आणि उघाडी यांचीच व्यवस्था असते. तिथे 'रहू' पद्धत आहे. घरी गोड्या पाण्यात भिजवून मोड आणलेले बी पावसाने धुतलेल्या चिखलात फेकतात.

या सगळ्यांत समान काय? उगवण गोड्या पाण्यात आणि कोवळे दिवस पावसाच्या आधाराने. मिठाशी सामना होईतो रोप मोठे झालेले. मोरसीचे बी जे करते तेच शेतकरी भाताकडून करवून घेतो! सरकारी पातळीवर १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसाठी कायदा झाला. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण निघाले. पण वाण कितीही चांगला असला तरी बांध फुटला आणि पुनर्वसूच्या ऐन रोपावस्थेत भरतीचे पाणी शेतात शिरले, तर तो वाण एकटा काय करणार? पावसाने ओढ दिली तरी तीच गत होते. म्हणून बांधाची डागडुजी, उघाडीची देखभाल आणि पेरणीची वेळ ही बियाण्याच्या पिशवीइतकीच महत्त्वाची आहे.

वर्गात करून पाहा

हा सगळा इतिहास मुलांना चार-पाच बशांत करून पाहता येईल. मोहरी किंवा हळीव आणि मूग अशा दोन तऱ्हेच्या बिया घ्या. एक लिटर पाण्यात अनुक्रमे ६, १२ आणि ३५ ग्रॅम मीठ घालून तीन द्रावणे करा. चौथ्या बशीत साधे पाणी. पाचव्या बशीसाठी लिटरला सुमारे ६५ ग्रॅम साखर घालून द्रावण करा. त्याचा परासरण दाब ६ ग्रॅम मिठाच्या द्रावणाइतका असतो. साखरेला बुरशी लवकर येते, म्हणून ही बशी तीन-चार दिवसच ठेवावी. प्रत्येक बशीत टीपकागदावर ५० बिया मोजून ठेवा आणि वर झाकण घाला. झाकण हवेच, नाहीतर पाणी उडून द्रावण रोज अधिक खारे होत जाईल. (शेतात नेमके हेच होते, हे सांगण्याची संधी मात्र सोडू नका.)

रोज दोन आकडे लिहायला सांगा: किती बिया फुगल्या आणि किती बियांना मोड आले. पाचव्या दिवशी ६ ग्रॅम मीठ आणि ६५ ग्रॅम साखर या बशांची तुलना करा. नंतर मिठातल्या न उगवलेल्या बिया तीन वेळा धुऊन साध्या पाण्यात ठेवा आणि आणखी पाच दिवस नोंद चालू ठेवा. मोड आलेली काही रोपेही पुन्हा मिठाच्या पाण्यात ठेवून पाहता येतील. म्हणजे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारून होतील. उत्तरे आम्ही इथे देत नाही. मोहरीची आणि मुगाची उत्तरे सारखी येतात का, हे मुलांनीच सांगावे.

एवढे झाल्यावर वहीत "मिठाने बी मरते" असे वाक्य कोणी लिहिले, तर शेजारचाच विद्यार्थी विचारील, "धुऊन पाहिलेस का?"